टेरेसवरचे संपादक

इंग्लंडच्या केंट परगण्यात गिलिंगहॅम नावाचा एक छोटा फुटबॉल क्लब आहे. तो कधी मोठ्या स्पर्धांच्या बातम्यांत नसतो. 1988 च्या सुमारास या क्लबच्या काही पाठीराख्यांनी स्वतःची एक पत्रिका सुरू केली आणि तिला इतकं लांबलचक नाव दिलं की ते मुखपृष्ठावर जेमतेम मावे. समालोचक ब्रायन मूर यांचं डोकं लंडनच्या तारांगणासारखं दिसतं, असा त्या नावाचा अर्थ. मूर हे आयटीव्ही वाहिनीचे त्या काळातले सर्वांत परिचित फुटबॉल समालोचक. डोक्यावर केस नसलेले, आणि स्वतः गिलिंगहॅमचे निष्ठावंत पाठीराखे. काही काळ ते या क्लबच्या संचालक मंडळावरही होते. म्हणजे चेष्टा चालली होती ती घरच्याच माणसाची, आणि ती मायेनं केलेली होती.

ज्या काळात हे नाव छापलं गेलं, त्या काळात ब्रिटनमधलं सरकार, पोलीस आणि बरीचशी वर्तमानपत्रं फुटबॉलच्या प्रेक्षकाकडे दंगलखोर म्हणूनच पाहत होती. ज्याला दंगलखोर म्हणत होते, तो माणूस घरी बसून टंकलेखन यंत्रावर विनोदी लेख लिहीत होता, कात्रणं डकवून पानं लावत होता, पदरमोड करून ती छापून घेत होता आणि शनिवारी मैदानाबाहेर पावसात उभं राहून विकत होता. अशा पत्रिकांना 'फॅन्झीन' म्हणत. मुंबईत साठच्या दशकात 'असो'सारखी जी अनियतकालिकं निघाली, त्यांच्याशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हा खटाटोप लगेच ओळखीचा वाटेल. मालक नाही, पगार नाही, आणि कुणाची परवानगी घेण्याचा प्रश्नच नाही. माझ्या मते विसाव्या शतकातल्या फुटबॉलच्या इतिहासात या पत्रिकांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. त्यांच्या विनोदाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिलं गेलं. टेरेसवर, म्हणजे मैदानातल्या उभ्यानं सामना पाहायच्या पायऱ्यांवर, उभं राहणाऱ्या माणसालाही विचार करता येतो याचा तो रोखठोक पुरावा होता, हे मागे पडलं.

या पुराव्याचं मोल कळायला 1985 हे वर्ष समजून घ्यावं लागतं. मार्चमध्ये लूटनच्या मैदानावर मिलवॉलच्या जमावानं खुर्च्या उखडून फेकल्या, आणि ती दृश्यं देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. 11 मे रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानात जुन्या लाकडी स्टँडला आग लागली. फळ्यांखाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्यानं पेट घेतला होता. काही मिनिटांत 56 माणसं गेली. ब्रॅडफर्ड सिटी त्या दिवशी तिसऱ्या विभागाचं विजेतेपद साजरं करत होती. 29 मे रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलचे प्रेक्षक समोरच्या गर्दीवर धावून गेले, भिंत कोसळली आणि 39 जण मेले. त्यांत इटालियन प्रेक्षक सर्वाधिक होते. इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून बाहेर काढण्यात आलं. त्याच वसंतात 'संडे टाइम्स'नं अग्रलेखात फुटबॉलची संभावना गलिच्छ वस्तीतला खेळ अशी केली, आणि तो पाहणाऱ्यांनाही तेच विशेषण लावलं. चेल्सीचे अध्यक्ष केन बेट्स यांनी तर प्रेक्षकांना मैदानात उतरण्यापासून रोखायला विजेचा प्रवाह सोडता येईल असं कुंपण उभारलं. लंडनच्या महानगर परिषदेनं परवानगी नाकारली म्हणून ते कधी चालू झालं नाही. पुढच्या हंगामात फुटबॉल लीगच्या सगळ्या सामन्यांना मिळून सुमारे 1 कोटी 65 लाख प्रेक्षक आले. 1948-49 च्या हंगामात हाच आकडा 4 कोटी 12 लाखांवर होता.

आगीनं, दंगलींनी आणि कुंपणांनी घेरलेल्या या काळात फॅन्झीनं उगवली. त्यांची मुळं मात्र थोडी आधीची. 1972 मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 'फाउल' नावाचं मासिक काढलं. 'प्रायव्हेट आय' या उपहासात्मक पाक्षिकाच्या धाटणीवर ते फुटबॉलमधल्या ढोंगाचा समाचार घेई. 1976 मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी पंक संगीताची लाट आली आणि 'स्निफिन ग्लू'सारख्या घरी बनवलेल्या पत्रिकांनी तरुणांना दाखवून दिलं की छापायला छापखान्याचा मालक असावं लागत नाही. मग स्वस्त झालेल्या फोटोकॉपी यंत्रानं उरलेलं काम केलं. 1981 मध्ये लिव्हरपूलमध्ये 'द एंड' निघालं. त्याचा संपादक पीटर हूटन पुढे 'द फार्म' या बँडचा गायक म्हणून गाजला. फुटबॉल, संगीत, टेरेसवरच्या पोरांचे कपडे, त्यांची बोली, सगळं त्यात एकत्र नांदत असे. काय चालतं आणि काय चालत नाही, याची त्यातली छोटी यादी इतकी लोकप्रिय झाली की पुढे मोठ्या भांडवलाच्या मासिकांनी ती पद्धत उचलली.

ब्रॅडफर्डचं 'द सिटी जेंट' 1984 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं, म्हणजे आगीच्या सहा महिने आधी. ते या पत्रिकांमधलं सर्वांत दीर्घायुषी ठरलं. आणि 1986 च्या मार्चमध्ये माइक टिचर आणि अँडी लायन्स यांनी लंडनमध्ये 'व्हेन सॅटरडे कम्स' आणलं. नाव 'अंडरटोन्स' या बँडच्या एका गाण्यावरून घेतलेलं. ते कुठल्याही एका क्लबचं नव्हतं, आणि म्हणूनच विखुरलेल्या सगळ्या क्लबी फॅन्झीनांचा पत्ता तिथे लागे. त्याच्या शेवटच्या पानांतल्या यादीत आज गिलिंगहॅम, उद्या ग्रिम्सबी, परवा डॉनकॅस्टर अशी नवी नावं वाढत जात. आपण एकटे नाही, हे एका गावातल्या संपादकाला दुसऱ्या गावातल्या संपादकाकडून कळे. या मासिकानं स्वतःला दिलेली पदवीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्वोत्कृष्ट नाही, अग्रगण्य नाही. 'बऱ्यापैकी' एवढाच दावा.

विनोदाचा ऐवज कुठून येई? क्लबच्या अधिकृत सामना-पुस्तिकेतून. प्रत्येक क्लब सामन्याच्या दिवशी प्रोग्रॅम विकत असे. त्यात अध्यक्षांचं गुळमुळीत मनोगत, व्यवस्थापकाचे आशावादी शब्द आणि स्थानिक मोटार विक्रेत्याची जाहिरात असे. फॅन्झीनवाले त्याच साच्यात खरं काय ते भरत. स्वच्छतागृहाची अवस्था, थंड पाय, आठवड्यापूर्वी विकलेला एकमेव चांगला खेळाडू, बाहेरगावच्या सामन्याला पोलिसांनी तासभर डांबून ठेवणं, हे सगळं त्यात येई. 'व्हेन सॅटरडे कम्स'च्या मुखपृष्ठावर एखादं साधं बातमीतलं छायाचित्र असे आणि त्यातल्या माणसांच्या तोंडी बोलफुगे. चित्रातल्या गंभीर चेहऱ्यांना त्यांच्या मनातलं बोलायला लावणं, एवढ्याच साधनावर त्यांनी वर्षानुवर्षं मुखपृष्ठं केली.

नावांतही तीच बुद्धी दिसते. ग्रिम्सबी हे मासेमारीचं बंदर. तिथल्या पत्रिकेच्या नावात मासेमारी आणि गाणं एकत्र आलं. नॉर्दम्प्टन हे चांभारकामाचं गाव, म्हणून तिथल्या संघाचं टोपणनाव 'कॉबलर्स'. इंग्रजी बोलीत त्याच शब्दाचा 'निव्वळ बकवास' असाही अर्थ होतो, तर पत्रिकेनं तोच अर्थ आपल्या संघावर चढवला. आर्सेनलचं 'द गूनर', मँचेस्टर सिटीचं 'किंग ऑफ द किपॅक्स', सेल्टिकचं 'नॉट द व्ह्यू'. हे शेवटचं नाव म्हणजे क्लबच्या अधिकृत 'द सेल्टिक व्ह्यू' साप्ताहिकाला सरळ दिलेलं उत्तर. 1990 च्या आगेमागे अशी शेकडो फॅन्झीनं ब्रिटनभर निघत होती. लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडजवळ 1985 मध्ये उघडलेल्या 'स्पोर्ट्सपेजेस' या खेळाच्या पुस्तकांच्या दुकानात त्यांचे गठ्ठे मांडलेले असत, आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातलं फॅन्झीन तिथे हाती लागे.

आपल्याच संघाला हसण्याची ही सवय बाहेरच्याला कोड्यात टाकते. क्रिकेटमध्ये आपल्याकडे संघ हरला की पुतळे जाळले गेल्याचं आपण पाहिलं आहे. चौथ्या विभागात वर्षानुवर्षं रुतलेल्या संघाचा पाठीराखा मात्र रागावून किती रागावणार? त्याला दर शनिवारी परत यायचंच असतं. हसणं हा त्या निष्ठेचाच भाग होता. दुसरीकडे, जो स्वतःच्या संघाचे वाभाडे काढू शकतो, त्याला समोरच्या संघाच्या माणसाचा द्वेष करणं जड जातं. 1987 नंतर मँचेस्टर सिटीचे प्रेक्षक हवा भरलेली भलीमोठी केळी घेऊन येऊ लागले. 1988 च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, स्टोकच्या मैदानावर ते हजारोंच्या संख्येनं वेषांतर करून, केळी उंचावत आले. 1989 मध्ये ग्रिम्सबीचे लोक विम्बल्डनविरुद्धच्या एफए चषकाच्या सामन्याला प्लॅस्टिकचे फुगीर हॅडॉक मासे घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी ज्या टेरेसवर लोक पोरांना घेऊन जायला घाबरत, तिथलं वातावरण या खुळामुळे हलकं झालं, आणि फॅन्झीनांनी ही लाट गावोगावी पोचवली. हिंसा कमी होण्यामागे पोलिसांचा बंदोबस्त, कॅमेरे अशी इतरही कारणं होती. पण सरकारनं हजार उपाय सुचवले, त्यांत प्रेक्षकांच्या हसण्यावर भरवसा ठेवायचं कुणाला सुचलं नाही, हे मला आजही बोचतं.

टेरेसवर आणखीही एक छापील कागद फिरत होता. नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाच्या युवा शाखेचं 'बुलडॉग' मैदानांबाहेर विकलं जाई. कुठल्या क्लबचे प्रेक्षक जास्त वंशद्वेषी, याची चढाओढ लावणारं सदर त्यात असे. लीड्सच्या एलंड रोडबाहेर अशा विक्रेत्यांचा वावर नित्याचा होता. तिथल्याच पाठीराख्यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'मार्चिंग ऑलटुगेदर' हे वंशद्वेषविरोधी फॅन्झीन काढलं आणि मैदानाबाहेर वाटलं. शनिवारी दुपारी, त्याच रस्त्यावर, त्याच लोकांसमोर उभं राहून हा कागद हातात देणं ही धाडसाची गोष्ट होती. लंडनच्या एखाद्या समितीनं काढलेल्या पत्रकाला जो शब्द गवसला नसता, तो बाजूला उभं राहून गाणी गाणाऱ्या माणसाला गवसला.

मग 15 एप्रिल 1989 आला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातला एफए चषकाचा उपांत्य सामना. पोलिसांनी बाहेरची गर्दी कमी करायला एक मोठं दार उघडलं आणि आधीच भरलेल्या मधल्या पिंजऱ्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढे लोखंडी कुंपण, मागून रेटा. 97 जीव गेले. त्यातला शेवटचा 2021 मध्ये, त्या दिवशीच्या दुखापतीमुळे. चारच दिवसांनी 'द सन'नं पहिल्या पानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांवर किळसवाणे, धादांत खोटे आरोप छापले. न्यायिक पातळीवर सत्य मान्य व्हायला 2016 चा मृत्युचौकशीचा निकाल उजाडावा लागला. हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता, असं ज्यूरीनं तेव्हा सांगितलं.

त्या वेळी 'व्हेन सॅटरडे कम्स'नं काय केलं? बोलफुग्यांची आपली जुनी पद्धत सोडली नाही. मुखपृष्ठावर फुटबॉल संघटनेचे पदाधिकारी, पोलीस, पंतप्रधान थॅचर, प्रत्येकजण हात झटकताना दाखवला, आणि शेवटी प्रेक्षकांच्या गर्दीच्या चित्रात, म्हणजे पुन्हा आमचाच दोष असणार, अशा अर्थाचा उद्गार. हसवणारं साधन शोकासाठी वापरलं, आणि ते अजिबात उथळ वाटलं नाही. त्या वर्षात फुटबॉलवर जेवढं लिहिलं गेलं, त्यात एवढ्या थोड्या शब्दांत एवढं खरं फारसं कुठे सापडणार नाही.

सरकारचा बेत त्या सुमारास वेगळाच होता. प्रत्येक प्रेक्षकानं ओळखपत्र दाखवूनच मैदानात शिरायचं, असा कायदा 1989 मध्ये संसदेनं मंजूर केला. लूटन क्लबनं तर 1986 पासूनच बाहेरगावच्या प्रेक्षकांना बंदी घातली होती, आणि त्याचे अध्यक्ष डेव्हिड एव्हान्स पुढे सत्ताधारी पक्षाचे खासदार झाले. हायझेलनंतर लिव्हरपूलमध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशननं आणि फॅन्झीनांनी मिळून या ओळखपत्रांविरुद्ध रान उठवलं. हिल्सबरोच्या चौकशीचा अंतिम अहवाल न्यायमूर्ती टेलर यांनी 1990 च्या जानेवारीत दिला. त्यात ही योजना धोक्याची असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. दारावरची रांग कार्ड तपासण्यात आणखी वाढणार होती, आणि दारावरच्या गर्दीतूनच तर हिल्सबरोची सुरुवात झाली होती. सरकारला माघार घ्यावी लागली.

सगळंच काही कौतुकाचं नव्हतं. या पत्रिका काढणारे बहुतेक गोरे पुरुष होते, आणि त्यांच्या विनोदात बायकांबद्दलचा टपोरीपणा वारंवार डोकावे. कित्येक अंकांचा अर्धा भाग फक्त शेजारच्या गावाला शिव्या घालण्यात खर्ची पडे. नव्वदीत दूरचित्रवाणीनं हा सूर उचलला, प्रीमियर लीगचा पैसा आला, आणि तीच थट्टा बिअरच्या जाहिरातींत विरघळून गेली.

मात्र याच थट्टेतून दोन ठिकाणी जे घडलं, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

चार्ल्टन अथलेटिक हा दक्षिण-पूर्व लंडनचा क्लब. 1919 पासून त्याचं घर 'द व्हॅली'. 1938 मध्ये तिथे एका सामन्याला 75 हजारांवर प्रेक्षक आले होते. सप्टेंबर 1985 मध्ये एका सामन्याला आलेल्या लोकांच्या हातात पत्रक पडलं की क्लब हे मैदान सोडतोय आणि यापुढे क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर खेळणार. दोनच आठवड्यांनी व्हॅलीवर शेवटचा सामना झाला. गंमत अशी की त्याच हंगामात संघ पहिल्या विभागात चढला. मैदानावर यश आणि पायाखाली जमीन नाही, अशी अवस्था. 1988 च्या फेब्रुवारीत रिक एव्हरिट या पत्रकारानं आपल्या मित्रांसह 'व्हॉइस ऑफ द व्हॅली' सुरू केलं. त्यात विनोद होताच, पण जमिनीचे कागद, नियोजनाचे नियम, संचालकांच्या आश्वासनांची तारीखवार नोंद हेही होतं. क्लबनं अखेर परतायचं ठरवलं. पाठीराखे फावडी घेऊन व्हॅलीवर गेले आणि माणसाएवढं वाढलेलं रान त्यांनी उपटून जाळलं. मग ग्रिनिच नगर परिषदेनं 1990 च्या जानेवारीत बांधकामाची परवानगी नाकारली.

त्यावर पाठीराख्यांनी थेट राजकीय पक्ष काढला. 'व्हॅली पार्टी'. मे 1990 च्या स्थानिक निवडणुकीत त्यांनी 62 पैकी 60 जागांवर उमेदवार उभे केले. उरलेल्या दोन जागांवर परतीच्या बाजूनं मत देणारे नगरसेवक होते, म्हणून त्यांना हात लावला नाही. जाहिरात क्षेत्रात काम करणाऱ्या एका पाठीराख्यानं भित्तिपत्रकं केली. ती व्यावसायिक मोहिमांच्या तोडीची होती आणि पुढे त्यांना पुरस्कारही मिळाले. पक्षाला 14,838 मतं पडली, म्हणजे जवळजवळ 11 टक्के. एकही जागा मिळाली नाही, पण नियोजन समितीच्या अध्यक्षांची जागा गेली. 1991 मध्ये परवानगी मिळाली. 5 डिसेंबर 1992 रोजी पोर्ट्समथविरुद्ध चार्ल्टन पुन्हा आपल्या मैदानात खेळला आणि कॉलिन वॉल्शच्या गोलनं 1-0 जिंकला. एव्हरिट पुढे क्लबच्याच नोकरीत रुजू झाला.

दुसरं ठिकाण नॉर्दम्प्टन. 1992 च्या जानेवारीत हा क्लब कर्जात बुडाला होता. तिथल्या फॅन्झीनचे संपादक रॉब मार्शल आणि स्थानिक रहिवासी ब्रायन लोमॅक्स यांच्या पुढाकारानं जाहीर सभा भरली. त्या सभेतून पाठीराख्यांचा न्यास उभा राहिला, ब्रिटनमधला त्या प्रकारचा पहिला. लोकांनी थोडे थोडे पैसे घातले, न्यासानं समभाग घेतले, आणि लोमॅक्स पाठीराख्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी म्हणून संचालक मंडळावर बसले. याच अनुभवातून 2000 साली 'सपोर्टर्स डायरेक्ट' ही संस्था सरकारच्या पाठबळावर स्थापन झाली आणि देशभरच्या पाठीराख्यांना न्यास कसा काढायचा हे शिकवू लागली. दोन वर्षांनी विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खालच्या हौशी लीगपासून चढत तो 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये आला आणि 2020 मध्ये प्लाउ लेनवर नव्या मैदानात परतला. क्लबवर नियंत्रण पाठीराख्यांच्या न्यासाचं आहे.